वायर उपटणाऱ्या गजभियेबाई

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. तोवर पुष्कळ माणसं काम करताना पाहिली होती, पण काम सुरू करायच्या आधी मशीनची वायर उपटून काढणारं माणूस एकच पाहिलं, सुलोचना गजभिये. नागपुरात सरकारी कचेरीसमोर टिनाच्या टपऱ्यांची ओळ आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सगळं तिथे होतं. बाकीच्या टपऱ्यांत नेट गेलं की बोंब होते. गजभियेबाईंच्या टपरीत त्या स्वतःच नेट घालवायच्या. गिऱ्हाइकाची फाइल संगणकावर घ्यायच्या, एक ठरलेलं पान उघडायच्या, ते पुरतं उघडलं की डाव्या हाताने मागची निळी वायर खटकन ओढून मांडीवर घ्यायच्या, आणि मग त्या पानावर वर्डच्या फाइलीचा पीडीएफ करायच्या. मांडीवर मांजर घेऊन बसावं तशी ती वायर घेऊन बसायच्या.

नवीन गिऱ्हाईक दर वेळी घाबरायचं.

"अहो बाई, नेट काढलं तर पीडीएफ होणार कसा?"

"होते. पाहा."

"जादू आहे का काही?"

"जादू त्या दुकानात असते भाऊ, जिथं तुमचा कागद वायरीतून कुठं जाते अन् कुठून वापस येते, हे तुमाले माहीत नाही अन् त्यालेही नाही. माह्या घरचा कागद माह्या घरीच शिजते."

आणि पीडीएफ खरंच व्हायचा. मला त्यातलं काही कळत नाही, पण मी कुलूपवाला आहे, आतली कळ बाहेरून ओळखायची सवय आहे. बाईंनी मला समजावलं ते असं. काही पानं फाइल घेतात, लांब कुठल्या तरी मशीनकडे पाठवतात, तिकडे पीडीएफ होतो आणि परत येतो. काही पानं मात्र सगळी हत्यारं घेऊन तुमच्याच मशीनमध्ये येऊन बसतात आणि तिथल्या तिथे काम करून देतात. दिसायला दोन्ही सारखीच. ओळखायची खूण एकच. बाई म्हणायच्या, "वायर काढल्यावर जे पान चालते ते इमानदार. वायर काढल्यावर जे रडते ते चोट्टं."

मी कवडू. शिक्षण चौथी, तेही पुरतं नाही. बाईंच्या टपरीला लागून माझी ताडपत्री, खाली माझी पेटी, कानशी आणि कोऱ्या चाव्यांचा झुबका. कुलपाच्या बाबतीत मला आजपर्यंत कोणी शिकवलेलं नाही, आणि कोणी शिकवू गेलं तर मी ऐकत नाही. बाई आणि मी तीस वर्षांच्या वर शेजारी बसलो. त्यात निम्मा काळ भांडलो असू. माझ्या ताडपत्रीची एक दोरी त्यांच्या टिनाच्या खिळ्याला बांधलेली होती. राग आला की बाई तोंडाने काही बोलायच्या नाहीत. दोरी सोडून द्यायच्या. मी कानस चालवत असायचो आणि अचानक ताडपत्री डोक्यावर. मग मी मुकाट्याने उठून दुसरीकडे बांधायचो, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहावं तर दोरी परत खिळ्याला.

गोड बाई नव्हत्या त्या. उंच, काटक, कपाळावर चष्मा, आणि बोलणं असं की समोरच्याने दोन पावलं मागे जावं. गिऱ्हाइकाच्या पाठीमागे दुसरं कोणी येऊन उभं राहिलं की टाइप करणं थांबवायच्या. "काहून भाऊ, सिनेमा लागला का इथं? तिकडं उभे राहा." एकदा एका सुटाबुटातल्या माणसाला त्यांनी असं हाकललं, तर ते नेमके त्याच गिऱ्हाइकाचे सासरे निघाले. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, ते आमचेच आहेत." बाई म्हणाल्या, "आपल्या माणसापासूनच लपवायचं असते बापा, परक्याले काय पडली?"

हे वायरीचं वेड नवीन नव्हतं. त्याची सुरुवात कार्बनपासून होती.

पूर्वी बाईंकडे मराठीचं टाइपरायटर होतं. दोन कागदांच्या मधात कार्बन घालून अर्ज टाइप व्हायचा. आता ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो, नवा कार्बन एकदाच वापरला तर उजेडाकडे धरून अख्खा अर्ज वाचता येतो. बाकीचे टायपिस्ट एक कार्बन दहा-दहा वेळा वापरायचे, मग त्यावरचं काही वाचता येत नसे. बाई घरगुती भानगडीच्या अर्जाला नेहमी नवा कोरा कार्बन घ्यायच्या, अक्षर स्वच्छ यावं म्हणून. आणि संध्याकाळी टपरी बंद करायच्या आधी माझ्या घमेल्यात ते सगळे कार्बन जाळायच्या. निळा-काळा धूर निघायचा, घाण वास यायचा. मी शिव्या द्यायचो. "बाई, घमेलं माझं आहे, स्मशान नाही." त्या काडीने राख उलटीपालटी करत राहायच्या.

पहिली काही वर्षं त्या कार्बन जाळत नव्हत्या. टपरीच्या मागे टाकून द्यायच्या. एका बाईने नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध अर्ज टाइप करून घेतला. माहेरी निघून जायचा बेत होता तिचा, तोही अर्जात होता. एका दलालाने तो कार्बन उचलला आणि तिच्या सासरी नेऊन विकला. बाईंना हे कळलं तेव्हा त्या पोरीचा बाप टपरीसमोर बसला होता. तो मुलीच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज टाइप करायला आला होता. बाईंनी तो अर्ज टाइप केला. मी पाहत होतो. एकही अक्षर चुकलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा माझं घमेलं मागितलं.

तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. जे टाइप होईल ते गिऱ्हाइकाच्या हातात जाईल, आपल्याकडे त्याची सावलीसुद्धा राहणार नाही. "माह्या बोटाइले कान नाहीत, कवडूभाऊ," असं म्हणायच्या. "अन् टपरीले पोट नाही."

टाइपरायटर गेलं, संगणक आला. मग पीडीएफ आला. सगळीकडे पीडीएफ पाहिजे. बाईंच्या बहिणीची मुलगी करुणा पुण्याला संगणकाचंच काम करते. ती सुट्टीत आली तेव्हा बाईंनी तिला एकच विचारलं, "मले असं पान दाखव जे कार्बन ठेवत नाही." करुणा हसली. मग तिने हे पान शोधून दिलं आणि वायर काढून दाखवली. बाईंनी स्वतः तीनदा काढून, लावून, परत काढून पाहिली तेव्हा त्यांचं समाधान झालं. पीडीएफ झाला की गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमध्ये, आणि मशीनमधून फाइल पुसून टाकायची. वर्डची पण, पीडीएफची पण. मग वायर परत लावायची.

मला हे पटायचं, कारण माझाही असाच एक नियम होता. साबणावरच्या ठशावरून मी कधी चावी केली नाही. लोक येतात. साबणाच्या वडीवर चावी दाबून ठसा आणतात आणि म्हणतात, "काका, चावी घरी राहिली, यावरून करून द्या." ज्याची चावी त्याच्या घरी असते तो ती घेऊन येतो. साबण आणतो तो चोर, नाहीतर जावई. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत कितीही पैसे दाखवले तरी मी साबणाला कानस लावली नाही. बाई म्हणायच्या, "तुमचा साबण तो माहा कार्बन." या एका गोष्टीवर आमचं कधी भांडण झालं नाही.

त्या वर्षी थंडी सुरू झाली तेव्हा शीतल आली. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला होती. गळ्यात कंपनीच्या कार्डाची पिवळी पट्टी, ती तिने ओढणीखाली दाबली होती. सुपरवायझर तिच्याशी आणि आणखी दोघींशी वाईट वागत होता. तिघींनी मिळून सरकारी कचेरीत तक्रार करायची ठरवली होती. नवीन फर्मान असं निघालं होतं की असा अर्ज हातात घ्यायचा नाही, पोर्टलवर पीडीएफच टाकायचा.

शीतल सांगायला बसली, पण आवाज निघेना. बाई म्हणाल्या, "मोठ्यानं सांग वं. इथं हा एक म्हातारा आहे, त्याले कुलपाशिवाय काही ऐकू येत नाही."

मला सगळं ऐकू येत होतं. सुपरवायझर काय म्हणाला, स्टोअररूमचं दार कोणी लावलं, मधल्या सुट्टीत काय झालं. मी कानस थांबवली नाही. थांबवली असती तर ती पोरगी गप्प झाली असती.

"मावशी, त्या दोघींची नावं टाकायची का?" तिने विचारलं.

"त्या हो म्हणाल्या का?"

"हो म्हणाल्या. पण कंपनीले आधी माहीत पडलं तर त्यांचं काही खरं नाही. एक तर कुहीहून येते, घरी लहान लेकरू आहे."

"ज्याले द्यायचं त्यालेच जाईल. मधात कोणी नाही." बाईंनी वायर काढून मांडीवर घेतली. पीडीएफ झाला. त्यांनी तो पडद्यावर वाचून दाखवला, अक्षर न् अक्षर. मग वायर लावली, पोर्टलवर टाकला, पावती नंबर आला. फाइल शीतलच्या पेन ड्राइव्हमध्ये गेली, मशीनमधून पुसली. शीतलने प्रिंट मागितली तर बाईंनी दिली नाही. "घरी कोणाच्या हाती लागली तर? नंबर आहे ना तुह्याजवळ. कागद सांभाळणं लय कठीण असते पोरी."

काही दिवसांनी एक माणूस भाडेपट्टा टाइप करून घ्यायला आला. तिशीतला, गुळगुळीत. काम झाल्यावर पाणी मागितलं. बाई आत माठाकडे वळल्या. टपरीची चावी त्यांच्या टेबलाजवळच्या खिळ्याला टांगलेली असायची. पाणी पिऊन तो म्हणाला, "बाई, आमच्या शीतलनं इथंच अर्ज केला ना? त्याची एक कॉपी पाहिजे होती. तिच्याच भल्याचं आहे. आणखी कोणाकोणाची नावं आहेत तेवढं सांगा. तुमच्या मेहनतीचं काय ते देऊ."

बाई म्हणाल्या, "भाडेपट्ट्याचे पैसे झाले. पाणी फुकट होतं. निघा."

तो हसत निघाला. वाकून चपला घालताना त्याच्या खिशातून पिवळी पट्टी लोंबत होती, ती मी पाहिली.

रविवारी बाईंची टपरी बंद असते, मी असतो. तोच माणूस माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. रुमालात साबणाची वडी. "काका, एक चावी करायची आहे. तीन-चार दुकानं फिरलो. सगळे म्हणतात, अशी लांब पोकळ चावी कवडूशिवाय कोणी घासत नाही."

हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी वडी हातात घेतली. ठसा बाईंच्या टपरीच्या चावीचा होता, त्या पाणी आणायला वळल्या तेव्हाच दाबलेला. ते कुलूप मीच बाईंना दिलं होतं. त्याचे दाते मी झोपेत ओळखीन.

"कोणाचं कुलूप आहे?"

"घरचंच."

"घर कुठं आहे?"

त्याने नोटा काढल्या आणि माझ्या पेटीवर ठेवल्या. मी त्या चिमट्याने उचलून त्याच्या पायाशी ठेवल्या. "उचल. अन् साबण इथंच राहू दे, काळे हात धुवायले होईल मले."

"ओ म्हातारबा, साबण द्या इकडं."

मी हातोडी उचलली आणि ऐरणीवर दुसऱ्याच्या कुलपाचा रिव्हेट ठोकायला लागलो. तो थोडा वेळ हात पुढे करून उभा राहिला, मग गेला.

सोमवारी मी बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "येऊ द्या. आत काय आहे त्याइले भेटायले? मी का तिजोरी ठेवतो?" वर मलाच दटावलं. "तो साबण मिटवून टाका. दुसऱ्याच्या कुलपाचा ठसा ठेवू नये."

"दुसऱ्याच्या नाही, तुमच्याच कुलपाचा आहे."

"तरी पण."

मी हो म्हटलं आणि वडी पेटीच्या तळाशी ठेवली. मला कोणी काही कर म्हटलं की माझा हात आपोआप थांबतो, जन्माची खोड आहे.

गुरुवारी सकाळी आलो तर टपरीचं दार उघडं. कोयंडा सळईने उखडलेला. माझं कुलूप मात्र जसंच्या तसं बंद, उखडलेल्या कोयंड्यासकट लोंबत होतं. संगणक नेला होता, कपाटातले कागद उपसलेले होते. पोलीस चौकीवर गेलो. मी साबण दाखवला, पिवळ्या पट्टीचं सांगितलं. तिथला माणूस साबण हुंगून म्हणाला, "यावर कंपनीचं नाव तर साबणाच्याच कंपनीचं आहे, काका. आंघोळ करून घ्या." सगळे हसले. मी साबण खिशात घातला आणि परत त्या पायरीवर पाय ठेवला नाही.

बाई मात्र त्या दिवशी खूश होत्या. नवीन मशीन घ्यायची ऐपत नव्हती, करुणा जुना लॅपटॉप पाठवते म्हणाली होती, धंदा बंद, आणि बाई रिकाम्या टेबलासमोर बसून हसत होत्या. "नेलं ना मशीन? आता पाहा म्हणा. पाहा उघडून, काय सापडते. दोघींची नावं राहिली का नाही सलामत?" मला म्हणाल्या, "कवडूभाऊ, चहा सांगा. मी पाजतो." इतक्या वर्षांत बाईंनी मला पाजलेला तो पहिला चहा. त्यांनी ते बंद कुलूप मला देऊन टाकलं. "ठेवा तुमच्याजवळ. आता बंद काय करायचं आहे?"

पंधरवडाही गेला नसेल, शीतल आली. चेहरा उतरलेला. कंपनीने तिला कामावरून काढलं होतं. कामात कुचराई करते, असं कारण लिहून दिलं. तिने कचेरीत जाऊन सांगितलं की साहेब, मी आधीच तक्रार केली म्हणून मला काढलं. साहेबांनी नंबर टाकून तिचा अर्ज उघडला.

"मावशी, त्यात काहीच नाही."

"काही नाही म्हणजे?"

"सगळे चौकोन आहेत. नुसते चौकोन. माझ्या पेन ड्राइव्हवरची फाइल पण तशीच उघडते. साहेब म्हणाले, हे काय रांगोळी काढून आणली का? कंपनीवाले म्हणतात, हिला काढल्यावर तक्रार सुचली. साहेब म्हणतात, तारीख आधीची आहे, पण त्या अर्जात काय होतं ते दाखव, तर मी धरतो." आणि मग तिने ते विचारलं. "तुमच्याजवळ कॉपी असंल ना?"

बाईंनी करुणाला फोन लावला.

करुणाने फोनवर समजावलं तेव्हा कळलं. बाई टाइपरायटरच्या काळापासूनच्या सवयीने एका फार जुन्या मराठी फॉन्टवर टाइप करायच्या. त्या अक्षरांचे साचे बाईंच्या मशीनमध्ये होते, म्हणून त्यांच्या पडद्यावर पीडीएफ चांगला दिसायचा. त्या इमानदार पानाने पीडीएफ तर केला, पण साचे त्यात भरले नाहीत. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर ती अक्षरं म्हणजे चौकोन. तो फॉन्ट विकणारा केव्हाच दुकान बंद करून गेला होता, ओळीतल्या कोणाकडेही तो नव्हता. ज्या एका मशीनवर शीतलचा अर्ज वाचता आला असता ते मशीन चोरांनी नेलं होतं, आणि वर्डची फाइल बाईंनी स्वतःच्या हाताने पुसली होती.

आधी कधी हे कळलं कसं नाही? कारण मराठी अर्ज तोवर प्रिंट होऊनच जायचे. पीडीएफ व्हायचे ते बहुतेक इंग्रजी कागद, ते बरोबर जायचे. पोर्टलचं फर्मान निघाल्यापासूनच मराठी अर्ज असे जायला लागले होते.

बाई शीतलसोबत कचेरीत गेल्या. मीही गेलो, पण शिपायाने मला दाराबाहेर ठेवलं. दार उघडंच होतं.

"साहेब, अर्ज मी टाइप केला. काय होतं ते मी सांगते."

"सांगून काय होणार बाई? तुमच्याकडे प्रत आहे?"

"नाही."

"मशीनवर?"

"मी ठेवत नाही."

"काहून ठेवत नाही? टायपिस्ट आहात ना तुम्ही?"

कंपनीकडून आलेला वकील म्हणाला, "साहेब, यांच्याकडे कागद होऊन बाहेर पडला की गायब होतो, असं यांचं शास्त्र आहे." खोलीत लोक हसले. बाई उंच होत्या. त्या दिवशी मला त्या उंच दिसल्या नाहीत.

बाहेर आल्यावर शीतल म्हणाली, "जाऊ द्या मावशी, तुमचा काय दोष?" बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. शीतल कळमेश्वरला आपल्या आईकडे गेली. दोघी मैत्रिणी घाबरून तोंड मिटून बसल्या. कंपनीला त्यांची नावं कळली नाहीत, हे खरं. पण आता त्या नावांचा उपयोगही कोणाला नव्हता.

त्यानंतर बाई रोज यायच्या आणि रिकाम्या टेबलाशी बसायच्या. करुणाने पाठवलेला लॅपटॉप त्यांनी खोक्यातून काढला नाही. एक दिवस मला म्हणाल्या, "पोर्टलवर आणखी किती जणाइचे अर्ज मी टाकले असतील?"

"मले काय माहीत?"

"मलेही नाही माहीत. मी ठेवलंच नाही ना काही. कोणते अर्ज चौकोन होऊन पडले, कोण बाई वाट पाहून राहिली, कोणाले बोलावू अन् काय सांगू?" मग म्हणाल्या, "पहिलीच्या वेळेस कार्बन राहिला म्हणून गेली. हिच्या वेळेस राहिला नाही म्हणून."

मी म्हटलं, "शीतल जित्ती आहे बाई."

"हो. जित्ती आहे." एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं, आता तरी रागावतील, ताडपत्रीची दोरी सोडतील. मी मुद्दाम त्यांच्या टेबलावर कानशीचा कीस झटकला. त्यांनी फुंकर मारून उडवला आणि बसून राहिल्या.

उन्हाळा लागला. आमच्याकडचा मे महिना माणसाला काही विचारत नाही. बाईंना रक्तदाब होता, गोळ्या त्यांनी सोडून दिल्या होत्या, हे नंतर कळलं. एका दुपारी टपरी बंद करून निघताना मला म्हणाल्या, "तो साबण मिटवला ना?"

"मिटवला," मी म्हटलं.

"मिटवला नसंल तर राहू द्या," असं म्हणाल्या आणि निघाल्या. मला वाटतं त्यांना माहीत होतं. दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी करुणाचा फोन आला की मावशी घरातच पडली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

घाटावर वस्तीतली माणसं होती. त्रिशरण झालं. कचेरीसमोरच्या ओळीतून मी आणि एक झेरॉक्सवाला, बस. शीतल आली होती, लांब उभी होती. मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, "पोरी, उद्या सकाळी कचेरीत ये. साहेबाच्या खोलीसमोर."

"कशाला काका? काही होत नाही तिथं."

"ये म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. पिशवीत बाईंचं बंद कुलूप घेतलं, साबणाची वडी घेतली, बारीक कानस, चावी पकडायचा छोटा शेगडा आणि एक लांब पोकळ कोरी चावी घेतली. साहेबांच्या खोलीसमोर फरशीवर फडकं अंथरलं आणि बसलो. शिपाई धावून आला. "ओ काका, हे काय मांडलं? उठा, दुकान बाहेर लावा."

"साहेबाले बोलाव. तोवर उठत नाही."

शीतल आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. लोक गोळा झाले. मी वडी सगळ्यांना दिसेल अशी समोर ठेवली आणि कानस लावली. जन्मात पहिल्यांदा साबणावरून चावी घासत होतो.  साहेब बाहेर आले तेव्हा मी शेवटचा दाता घासत होतो. मी त्यांना सांगितलं, हे कुलूप गजभियेबाईंच्या टपरीचं. हा ठसा घेऊन या पोरीच्या कंपनीचा माणूस माझ्याकडे आला होता, तिला कामावरून काढायच्या आधी. तक्रारीत काही नव्हतं तर त्याला त्या टपरीत काय पाहिजे होतं?

"आणि तक्रारीत काय होतं, तुम्हाला माहीत आहे?"

"मी हातभर अंतरावर बसलो होतो. सगळं ऐकलं. विचारा. पण त्या दोघींची नावं मी सांगणार नाही, ती त्या सांगतील."

मी चावी फुंकून साफ केली, कुलपात घातली आणि फिरवली. उघडलं.

 साहेबांनी शिपायाला कोरे कागद आणायला सांगितलं. मी म्हटलं, "दोन प्रती करा साहेब. एक इथंच, आत्ता, या पोरीच्या हातात द्या." मग मी शीतलला बसायला माझं फडकं सरकवून दिलं.